कोकणातल्या जमिनीवर चालायचा कृत्रिम पाय: तपासणी, निवड आणि अलाइनमेंट

सुरंगी

नमस्कार मंडळी. शिबिरात पाय मिळतो, आणि पहिल्या पावसानंतर तोच पाय पडवीच्या कोपऱ्यात उभा दिसतो. वाडीवस्तीवर फिरणाऱ्या कुठल्याही फिजिओला हे नवीन नाही. म्हणून हा धागा.

पाठ्यपुस्तकातला रुग्ण बूट घालून सपाट फरशीवर चालतो. आपल्याकडचा माणूस जांभ्याच्या पाखाडीवरून (दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून) उतरतो, खळ्यात अनवाणी वावरतो, जमिनीवर जेवायला बसतो, आषाढात मळ्यात उतरतो, नारळी पौर्णिमेनंतर होडीवर जातो. त्याला धरून तीन गोष्टी हव्या आहेत. माप घेण्याआधी काय तपासायचं? कोणता पाय निवडायचा? आणि चाल बिघडलेली दिसली तर अलाइनमेंटमध्ये, म्हणजे पायाच्या भागांच्या एकमेकांशी जुळणीत आणि कोनांत, नेमकं काय फिरवायचं? मुख्य भर गुडघ्याखालच्या पायावर ठेवू, गुडघ्यावरचं ओघाने आलं तर येऊ दे. कृपया कंपन्यांच्या जाहिराती नकोत, ओळखीतल्यांचे किस्सेही नकोत. मापं, भाग आणि कारणं लिहा.

पाखाडी

चांगला विषय काढलात सुरंगीताई. तपासणीचं मी लिहितो, पायाचं तंत्र प्रोस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम पाय बनवणारी मंडळी सांगतील.

सुरुवात स्टम्पपासून, म्हणजे कापल्यावर राहिलेल्या टोकापासून करू नका, दुसऱ्या चांगल्या पायापासून करा. मधुमेहात किंवा रक्तवाहिन्या आखडून एक पाय गेला असेल तर दुसराही धोक्यात असतो. पावलाच्या वरची आणि आतल्या घोट्यामागची नाडी हाताने बघा, तळव्याला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (नायलॉनचा बारीक धागा) लावून संवेदना बघा, बोटांच्या बेचक्या उघडून बघा. घोटा-दंड रक्तदाब गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर रक्तपुरवठा कमी आहे. मधुमेहात मात्र वाहिन्या कडक झाल्याने हा आकडा खोटा चांगला येतो. १.३-१.४ च्या वर गेला तर त्यावर विसंबू नका, बोटातला दाब मोजून घ्या.

मग दम. गुडघ्याखाली एक पाय गेलेल्या माणसाला तेवढंच अंतर चालायला जास्त शक्ती लागते: अपघातात गेला असेल तर साधारण पाव पट जास्त, रक्तवाहिन्यांच्या आजारात साधारण ४० टक्के. गुडघ्यावर हाच आकडा अपघातात साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत आणि वाहिन्यांच्या आजारात दुपटीच्या आसपास जातो. ज्याचं हृदय आधीच थकलंय त्याला गुडघ्यावरचा पाय देऊन शंभर पायऱ्यांच्या वर राहायला पाठवणं ही फसवणूक आहे. आधी कार्डिओलॉजिस्टचं मत घ्या.

चालण्याची क्षमता अंदाजाने ठरवू नका. पाय बसवण्याआधी करायची एएमपी-नो-प्रो चाचणी अर्ध्या तासाच्या आत होते आणि ४३ गुणांची असते. गुणांवरून के-० ते के-४ अशी चालण्याची पातळी ठरते: ० ते ८ गुण म्हणजे के-०, ९ ते २० के-१, २१ ते २८ के-२, २९ ते ३६ के-३, ३७ ते ४३ के-४. सगळी चाचणी करायला वेळ नसेल तर निदान एवढं बघा: चांगल्या पायावर आधाराशिवाय उभं राहता येतं का, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का. मात्र ही वर्गवारी अमेरिकेच्या विमा व्यवस्थेतली आहे. तिथला के-२ म्हणजे फुटपाथची कड आणि दोन-चार पायऱ्या. पाखाडी आणि बांध त्यात धरलेले नाहीत, तेव्हा आकडा लिहा आणि शेजारी त्या माणसाची वाटही लिहा: घरापासून रस्त्यापर्यंत पायऱ्या किती, कठडा आहे का, संडास कसला, पाणी कुठून आणायचं.

आता सांधे. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर गोनिओमीटरने अंश मोजा. १० अंशांपर्यंतचा आखड सॉकेट (स्टम्प ज्यात बसतो तो भाग) तेवढं वाकवून सांभाळता येतो. २०-२५ च्या पुढे नेहमीचा पाय बसवणंच अवघड होतं. खुब्याचा आखड बघायला पाठीवर झोपवून करायची थॉमस टेस्ट. या आखडाचं मोठं कारण घरातच असतं: ऑपरेशननंतर मायेने गुडघ्याखाली उशी दिली जाते. उशी काढा. दिवसातून तीन-चार वेळा १५-२० मिनिटं पालथं झोपवा. मांडीच्या पुढच्या स्नायूची आणि खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंची ताकद ५ पैकी ४ च्या खाली असेल तर आधी व्यायाम.

स्टम्प सर्वांत शेवटी. लांबी गुडघ्याच्या आतल्या सांध्याच्या रेषेपासून मोजा, १२ ते १७ सेंमी सोयीची. बाहेरचं बारीक हाड नडगीपेक्षा सेंमीभर आखूड असायला हवं. ते लांब राहिलं असेल तर टोकाला टोचणार. व्रण हाडाला चिकटलाय का ते बोटाने सरकवून बघा. टिचकी मारल्यावर गेलेल्या पावलात झिणझिण्या आल्या तर तिथे न्यूरोमा (कापलेल्या नसेची गाठ) आहे, त्या जागी सॉकेटचा दाब चालणार नाही. घेर दर ५ सेंमीवर टेपने. सलग दोन आठवडे घेर बदलत नाही असं दिसेपर्यंत कायमच्या पायाचं माप घेऊ नका. तोवर आठच्या आकड्यात क्रेप बँडेज, टोकाला घट्ट आणि वर सैल. दिवसातून किमान चार-पाच वेळा सोडून पुन्हा बांधायचं. उलटं, म्हणजे वर घट्ट बांधलं, तर टोक नारळासारखं फुगतं आणि सॉकेट चढतच नाही.

हो, हात आणि डोळे राहिले. मोजा चढवता येतो का, पट्टा लावता येतो का, आणि स्टम्पवरचा लाल डाग स्वतःला दिसतो का.

वायंगण

वाट लिहायची सूचना फार उपयोगाची. त्यात एक जोडा: वर्षातले कोणते महिने तो माणूस ओल्यात काम करतो. भादव्यात माप घेऊन दिलेल्या पायाची खरी परीक्षा पुढच्या मृगात होते.

ओळंबा

आता निवड. चार भाग वेगवेगळे विचारात घ्या: सॉकेट, सस्पेन्शन म्हणजे पाय अंगावर टिकवणारी सोय, मधली नळी आणि पाऊल. बरेच जण पावलाच्या नावावरून पाय मागतात. सॉकेट चुकलं असेल तर पाऊल कितीही महागाचं घ्या, तो पाय कोपऱ्यातच जाणार.

पावलापुरतं बोलायचं तर इथे प्रश्न बहुतेक वेळा सॅच की जयपूर असा येतो. सॅच पावलात आत कडक गाभा आणि टाचेत मऊ उशी. घोटा हलत नाही. सपाट जागेवर ते टिकाऊ आणि हलकं, पण त्यावर उकिडवं बसता येत नाही आणि खडबडीत जांभ्यावर ते कडेला कलत नाही, त्यामुळे तो धक्का थेट स्टम्पला लागतो. जयपूर फूट १९६८ साली जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलं. टाच आणि चवड्यात सच्छिद्र रबर, घोट्यात लाकडाचा ठोकळा, वरून रबराचं आवरण घालून साच्यात भाजलेलं. ते वर वाकतं, आत-बाहेर कलतं, थोडं वळतंही. अनवाणी चालता येतं, पाण्यात जाता येतं, उकिडवं बसता येतं. किंमत वजनात मोजावी लागते: ते जड आहे, आणि चवडा सोडताना ढकल देत नाही.

कार्बनचं पाऊल तरुण, भरपूर चालणाऱ्या माणसाला खरंच फरक देतं. पण त्यावर रबरी आवरण असतं आणि ते बुटात वापरायला बनवलेलं असतं. अनवाणी वापरात आवरण फाटतं, आत वाळू शिरते आणि कार्बनची पाती घासत राहते. किनाऱ्यावरच्या माणसाला द्यायचंच असेल तर आवरण काढून धुवायला शिकवा.

सॉकेटमध्ये एचडीपीई प्लास्टिकचा पाइप तापवून साच्यावर ओढलेलं सॉकेट पाण्याला सर्वांत निर्धास्त. उणीव अशी की सर्वांगाला सारखा टेकेल असा बारकावा त्यात कमी येतो आणि एकदा जोडल्यावर अलाइनमेंट स्क्रूने बदलता येत नाही. मॉड्युलर पायात, म्हणजे आत ३० मिमीची नळी आणि पिरॅमिड जोड असलेल्या पायात, अलाइनमेंट हवी तेव्हा बदलता येते, पण त्याला मीठ आणि ओल सोसत नाही. मला विचाराल तर नवा रुग्ण आधी मॉड्युलरवर चालवावा, स्टम्प आटून स्थिर होईपर्यंत कोन बसवून घ्यावेत, आणि मग शेतात-पाण्यात जाणाऱ्याला तेच कोन धरून दुसरा पाण्याचा पाय एचडीपीईत करून द्यावा.

शिंपला

मुंबईहून येणाऱ्या रुग्णांकडे सिलिकॉन लायनर (स्टम्पवर चढवायचं मऊ अस्तर) आणि पिन-लॉक (लायनरच्या टोकाची पिन सॉकेटमधल्या कुलपात अडकते ती सोय) दिसतं. ते सरसकट चांगलं मानायचं का? आमच्या रुग्णालयात घाम आणि पुरळाच्या तक्रारी फार येतात.

गलबत

शिंपलाताई, लायनर त्वचेला वाचवतं हे खरं. हाडं वर आलेली, व्रण चिकटलेला, चालणं भरपूर: अशा स्टम्पला त्याचा फायदा दिसतो. पण इथली हवा बघा. लायनरच्या आत घाम साठतो आणि दुपारपर्यंत स्टम्प घसरायला लागतो. त्यावर उपाय मध्येच काढून पुसणं, दुसरा नाही. रोज रात्री सौम्य साबणाने धुऊन उलटं करून सावलीत वाळवायचं, आणि पावसाळ्यात ते रात्रभरात वाळत नाही म्हणून दोन लायनर हवेत. एकच परवडत असेल तर मी साधा पेलाइट (फोमचं अस्तर) आणि सुती मोजे सुचवतो.

पिन-लॉकबद्दल माझं मत कडक आहे. वाळूत किंवा चिखलात काम असेल तर देऊ नका. कुलपात वाळू गेली की पिन एक तर अडकत नाही किंवा सुटत नाही. दोन्ही धोक्याचं.

आता होडीचं. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियमच्या जोडात स्टीलचा स्क्रू असेल तर दोन धातूंच्या संगतीने अॅल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी भुकटी दिसली की समजा. फोमचं पोटरीसारखं दिसणारं आवरण पाणी धरून ठेवतं, ते समुद्रावर जाणाऱ्याला नकोच. एचडीपीईच्या पोकळ पायाला खाली घोट्याजवळ आणि वर अशी दोन भोकं ठेवा. नाही ठेवली तर माणूस पाण्यात पडल्यावर हवेने भरलेला पाय वर तरंगतो आणि डोकं खाली जातं. भोकं आहेत म्हणून लाइफ जॅकेट चुकवायचं नाही, हेही त्याच वेळी सांगा. किनाऱ्यावर आल्यावर गोड्या पाण्याने धुणं हा रोजचा नेम.

वायंगण

आणि लावणी? गुडघाभर चिखलात पाय ओढला की पाय आत राहतो आणि माणूस बाहेर येतो.

गलबत

त्याला दोन गोष्टी. एक, गुडघ्यावरून जाणारा नुसता कफ पट्टा पुरत नाही. सॉकेटच्या कडा मांडीच्या हाडाच्या गाठींवर चढलेल्या असाव्यात, शिवाय कमरेचा पट्टा आणि त्याला पुढून जोडणारी इलॅस्टिकची पट्टी लावायची. दोन, उपसायची पद्धत शिकवायची. सरळ वर ओढलं तर तळाखाली पोकळी होते आणि चिखल खेचून धरतो. आधी गुडघा वाकवून टाच सोडवायची, पाय किंचित वळवायचा, हवा आत शिरली की पाऊल सुटतं. बांधावरून चालताना हातात काठी, कृत्रिम पायाच्या उलट्या बाजूला. आणि ज्याचा स्टम्प फार आखूड आहे त्याला चिखलणीत उतरवू नका. तरवा काढून जुड्या बांधणं बसून करता येतं.

सुरंगी

आता अलाइनमेंट. ओळंबादादा, पायरीपायरीने लिहाल का? आम्हा फिजिओंना चूक दिसते, पण कुठून आली ते कळत नाही.

ओळंबा

लिहितो. पण त्याआधी चपलेचा प्रश्न सोडवा, कारण पुढची सगळी मापं त्यावर उभी आहेत.

टाचेची उंची म्हणजे टाचेखालच्या आणि चवड्याखालच्या सोलच्या जाडीतला फरक. टाच ते चवडा अंतर साधारण १७ सेंमी धरलं तर १० मिमी फरकाने नळी ३ अंशांहून थोडी जास्त पुढे कलते. १० मिमी टाचेच्या बुटावर बसवलेला पाय घरी अनवाणी घातला तर नळी तेवढीच मागे कलते, गुडघा मागे ढकलला जातो आणि माणसाला सतत चढ चढल्यासारखं वाटतं. घरात, देवळात, खळ्यात अनवाणी असणाऱ्या माणसाचा पाय अनवाणीवरच बसवा आणि बाहेरची चप्पल एकसारख्या जाडीच्या सपाट सोलची, मागे पट्टा असलेली घ्यायला सांगा. सोल दोन्ही पायांना सारखा जाड असल्याने उंचीही बिघडत नाही. अंगठ्याची साधी स्लिपर कृत्रिम पावलाला धरून राहत नाही.

आता टेबलावरची अलाइनमेंट. सॉकेट ५ अंश पुढे वाकवा. गुडघ्यात आखड असेल तर तेवढे अंश त्यात मिळवा. बाजूला कल स्टम्पच्या नैसर्गिक कलाइतका, साधारण ५ अंश. मग ओळंबा धरा. मागून बघताना वाटीखालच्या कंडरेच्या पातळीवर सॉकेटच्या मध्यातून सोडलेला ओळंबा टाचेच्या मध्यापासून सेंमीभर बाहेरच्या बाजूला पडावा, म्हणजे पाऊल सेंमीभर आत घेतलेलं असतं. स्टम्प आखूड असेल तर पाऊल कमी आत घ्या, नाहीतर गुडघ्याच्या बाजूला ताण पडतो. बाजूने बघताना त्याच पातळीवरचा ओळंबा पावलाच्या मागच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पुढच्या सीमेजवळ पडावा. चवडा ५ ते ७ अंश बाहेर, चांगल्या पायाकडे बघून.

उभं करून तपासणं: समांतर दांड्यांत, दोन वजनकाट्यांवर, भार जमेल तितका समान. कमरेच्या हाडांवर दोन्ही बाजूंनी हात ठेवून पातळी बघा. पाय आखूड वाटला तर खाली ३ आणि ६ मिमीच्या फळ्या सरकवून फरक ठरवा. तळाखाली कागदाची पट्टी आतून आणि बाहेरून सरकवून बघा. एका कडेला सहज शिरली तर पाऊल कललेलं आहे. सॉकेटच्या तळाला मातीची बारीक गोळी टाकून उभं करा. गोळी पार चपटली तर स्टम्प फार खाली बसलाय, अजिबात दबली नाही तर खाली पोकळी आहे. पोकळी तशीच ठेवली तर टोकाला सूज, मग काळी जाड खरबरीत त्वचा.

चालवून बघणं हा खरा भाग. नियम एक: आधी मोजे, पट्टा आणि उंची तपासा, स्क्रूला नंतर हात लावा. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. नियम दोन: एका वेळी एकच बदल, मग दहा-बारा पावलं चालवा.

टाच टेकताच गुडघा झटक्याने वाकतो आणि नडगीच्या खालच्या टोकाला पुढून दुखतं: टाच फार कडक, किंवा पाऊल फार वर वाकलेलं, किंवा पाऊल फार मागे, किंवा सॉकेट फार वाकवलेलं. याच्या उलट, गुडघा मागे ढकलला जातो आणि वाटीखाली दाब व स्टम्पच्या मागे खाली दुखतं: पाऊल फार पुढे, किंवा चवडा खाली वाकलेला, किंवा टाच फार मऊ. शेवटी चवड्यावर आल्यावर माणूस खड्ड्यात पाय पडल्यासारखा खचतो: पाऊल फार मागे आहे किंवा वर वाकलेलं आहे.

सगळा भार एका पायावर असताना गुडघा बाहेर फेकला जातो, सॉकेटची बाहेरची वरची कड सुटून फट दिसते, दाब आत वर आणि बाहेर खाली: पाऊल फार आत. थोडी, अगदी किंचित बाहेरची हालचाल हवीच, ती दोष मानू नका. गुडघा आत फेकला जातो आणि बाहेरच्या बारीक हाडाच्या डोक्यावर लाल होतं: पाऊल फार बाहेर. त्या डोक्यामागून नस जाते, तिथला दाब खपवून घेऊ नका. पुढे पायात झिणझिण्या आणि बधिरपणा येतो.

फिरवण्याआधी शंका असेल तर ३ मिमीचा रबराचा तुकडा टाचेखाली किंवा चवड्याखाली चिकटपट्टीने लावून चालवून बघा. सुधारणा दिसली तरच तेवढा कोन कायम करा.

पिरॅमिडला चार स्क्रू असतात. कोन बदलायचा तर एक सैल करायचा आणि समोरचा तेवढाच आवळायचा, अर्ध्या फेऱ्याहून जास्त एका वेळी नाही. नुसता भाग काढून परत बसवायचा असेल तर शेजारशेजारचे दोनच स्क्रू सोडा, उरलेल्या दोघांमुळे जुना कोन टिकतो. काम संपल्यावर निर्मात्याने दिलेल्या टॉर्कने आवळा, बहुतेक ठिकाणी १५ न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि स्क्रूच्या आट्यांना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव). हाताच्या अंदाजाने आवळलेला स्क्रू पाखाडीच्या धक्क्यांनी सुटतो.

पाखाडी

हे छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे. पाखाडीपुरतं मी जोडतो. चालवून बघताना समांतर दांड्यांत थांबू नका. रुग्णालयाच्या आवारातल्या उतारावर आणि असमान पायऱ्यांवर चालवा. सपाटीवर अगदी बरोबर असलेला पाय उतारावर गुडघा ढकलतो, कारण घोटा खाली वाकत नाही. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. उतरताना पाऊल असं ठेवायचं की टाच पायरीवर आणि चवडा कडेबाहेर, म्हणजे पाऊल कडेवर लोळतं. उभ्या उतारावर आडवं चालायचं, कृत्रिम पाय खालच्या अंगाला. शेवाळ्याच्या दिवसांत घरच्यांना पाखाडीवर एका बाजूला बांबूचा कठडा करायला सांगा, हे प्रिस्क्रिप्शनवर लिहा.

शिंपला

खूप खूप धन्यवाद. त्वचेबद्दल विचारते. पहिल्या आठवड्यात किती वेळ घालायचा, आणि लाली कधी धोक्याची?

ओळंबा

पहिल्या दिवशी १५ ते ३० मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. प्रत्येक वेळी काढून बघायचं. दाब सोसायच्या जागा लाल होणारच: वाटीखालची कंडरा, नडगीच्या आतला वरचा उतार, मागे लवणीत. ती लाली वीसेक मिनिटांत गेली पाहिजे. नडगीची धार, हाडाचं टोक, बारीक हाडाचं डोकं, मागच्या दोऱ्या इथे लाली थांबून राहिली तर वापर बंद आणि आमच्याकडे पाठवा. येताना पाय घेऊन यायला सांगा. नेमकी जागा शोधायला त्या ठिकाणी लिपस्टिक लावून सॉकेट चढवतात. आत ठसा उमटतो, मग तेवढ्याच जागी हीट गनने तापवून सॉकेट बाहेर काढता येतं. मऊ कापूस कोंबून दाब कमी करायला जाऊ नका. कापसाने तिथला दाब वाढतोच.

सुरंगी

मोज्यांचा हिशोब पण सांगा. लोक पाय सैल झाला की चिंध्या गुंडाळतात.

ओळंबा

मोजे एक, तीन आणि पाच प्लायचे (प्लाय म्हणजे जाडीचा थर) मिळतात. स्टम्प सकाळी भरलेला आणि संध्याकाळी आटलेला असतो, म्हणून दुपारनंतर एक-दोन प्लाय वाढवावे लागणं नेहमीचं आहे. स्टम्प सॉकेटमध्ये खाली गेला की वाटीच्या खालच्या कडेवर दाब येतो आणि टोक टेकतं. तेव्हा मोजा वाढवा. उलट, वाटी सॉकेटच्या बाहेर जास्त दिसते आणि पाय लांब वाटतो, तर मोजा कमी करा. एकूण १० प्लायच्या पुढे गेलात की सॉकेटचा आकार उरलेला नाही, नवं माप घ्या. मोजा रोज धुतलेला, सुरकुती नको, शिवण टोकाला बाहेरून. पावसाळ्यात सहा-सात मोजे लागतात. ओला मोजा घातला तर त्वचेला बुरशी धरते.

वायंगण

गुडघ्यावरच्या पायाबद्दल दोन शब्द? वाडीत तेही आहेत.

ओळंबा

स्वतंत्र धाग्याचा विषय, पण मोजकं सांगतो. तिथे पाहायची रेषा म्हणजे खुबा-गुडघा-घोटा. बाजूने बघताना कृत्रिम गुडघ्याचा आस त्या रेषेवर किंवा ५ ते १० मिमी मागे असला की गुडघा भाराखाली कोलमडत नाही. जास्त मागे नेला तर वाकतच नाही आणि माणूस पाय बाहेरून फिरवून टाकतो. सॉकेट ५ अंश अधिक खुब्याचा आखड इतकं वाकवा, नाहीतर कंबर पोकळ करून चालेल. धड बाजूला कलतं तेव्हा क्रमाने बघा: पाय आखूड आहे का, पाऊल बाहेर आहे का, खुब्याचे स्नायू अशक्त आहेत का, आतली कड टोचते म्हणून तो अंग चोरतोय का.

गुडघा निवडताना: पाखाडी चढणाऱ्याला चार दांड्यांचा पॉलिसेंट्रिक, कारण तो भाराखाली स्थिर राहतो आणि पाय उचलताना चवडा जमिनीला कमी अडकतो. होडी, मळा किंवा अशक्त वयस्क असेल तर हाताने लावायच्या कुलपाचा. ज्याला जमिनीवर मांडी घालून बसायचंय त्याच्यासाठी गुडघ्याच्या वर टर्नटेबल बसवून घ्या. त्याने खालचा पाय आडवा फिरतो. त्यासाठी जागा लागते, तेव्हा स्टम्पचं टोक ते गुडघ्याचा आस हे अंतर आधीच मोजा. स्टम्प लांब असेल तर दोन्ही गोष्टी मावत नाहीत.

पाखाडी

पैशाबद्दल: केंद्राची एडीआयपी ही दिव्यांगांना साधनं देणारी योजना १९८१ पासून आहे, त्यात अॅलिम्को या सरकारी कंपनीचे पाय मिळतात. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधी काढून ठेवा. गुंतागुंतीचा स्टम्प असेल तर मुंबईत हाजीअलीचं अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थान आहे. पाय बनवणारा माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला प्रोस्थेटिस्ट असावा, हे विचारायला संकोच नको.

सुरंगी

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: घरी भेट देताना मी कार्डावर काय लिहून ठेवू, म्हणजे पुढे तुम्हाला उपयोग होईल?

ओळंबा

तारीख, सकाळ की संध्याकाळ, एकूण प्लाय, दर ५ सेंमीचा घेर, लालीची जागा, रोज किती तास घालतो, आणि चपलेच्या सोलची जाडी टाचेखाली व चवड्याखाली. मॉड्युलर पाय असेल तर घोट्याच्या जोडाचा पुढून आणि बाजूने फोटो, नळी व पिरॅमिडवर मार्करने रेघ मारून. गंजलेला स्क्रू कुणी गावातच सोडवला आणि कोन हरवला तर त्या रेघेवरून परत बसवता येतो. पहिली तपासणी दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, पुढे दर तीन महिन्यांनी. मृगाच्या आधी एक आणि दिवाळीच्या सुमारास एक मात्र चुकवू नका.